छातीतला तिसरा

आमचे हे बोलायला तोंड उघडायचे तेव्हा आधी तो आवाज यायचा आणि मागनं शब्द. टिक. मग "चहा टाक." टिक, टिक. मग "दार पुढं कर." ऐकणाऱ्याला खोटं वाटंल, पण ज्या घरात हृदयाचा वॉल बदललेला माणूस आहे, त्या घरातल्या बाईला विचारा. तोंड मिटलेलं असलं की आवाज छातीत राहतो, उघडलं की बाहेर येतो. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, थोडा आवाज येईल, घाबरू नका. थोडा म्हणे! मी घरी पहिल्यांदा तो नीट ऐकला आणि हातातला तांब्या तसाच खाली ठेवून पडवीत जाऊन उभी राहिले.

नव्वद सालानंतरची, त्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं मोरी. हे फिटर होते. मूलबाळ आम्हाला झालं नाही, त्याचं रडगाणं मी इथं गात नाही. सांगायचं इतकंच की घरात आम्ही दोघंच होतो. लहानपणी ह्यांना सांधे सुजून ताप यायचा, त्या तापानं हृदयाची एक झडप खाऊन टाकली आणि चाळिशी यायच्या आत ह्यांना जिना चढवंना. महाशिवरात्रीच्या आधी ऑपरेशन झालं. छाती मधोमध उघडून खराब झडप काढली आणि धातूचा वॉल बसवला. विहिरीवरच्या मोटारीला फुटवॉल असतो ना, तसंच त्याचं काम. रक्त पुढं जाऊ द्यायचं, माघारी येऊ द्यायचं नाही. हे मला ह्यांनीच समजावून सांगितलं, आणि सांगताना मध्ये मध्ये टिक, टिक चालूच होतं.

एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती, ती आधीच सांगून टाकते. तो आवाज म्हणजे वॉल मोकळा हलतोय याची खूण. आवाज दबला तर समजायचं की वॉलवर रक्ताची गुठळी धरतेय, आणि गुठळीनं वॉल अडला की माणूस गेला. एवढं मला कुणी आधी सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. का घडलंच असतं, देव जाणे. माझा स्वभाव मला माहीत आहे.

ऑपरेशन झालेल्या माणसाला पुन्हा चालतं-फिरतं करायला रोज व्यायाम लागतो. पुण्यातली माणसं त्यासाठी दवाखान्यात येतात. आम्ही वालचंदनगरहून रोज कसे जाणार? जाऊन यायलाच दिवस मोडतो. म्हणून तिथल्या व्यायामाच्या मॅडमनी लांबच्या पेशंटांसाठी त्यांच्या मनानं एक सोय काढली होती. स्वतःच्या आवाजात एक कॅसेट भरून द्यायच्या. कॅसेट लावायची आणि ती सांगंल तसा व्यायाम करायचा. किती मिनिटं चाललो, नाडी किती पडली, ते वहीत लिहायचं. आणि दर गुरुवारी दुपारी तीनला त्या फोन करायच्या. आम्हाला सुट्टी मिळाली त्या दिवशी मॅडम रजेवर होत्या, त्यामुळं कॅसेट सिस्टरनं आणून दिली. म्हणजे मॅडमचा आवाज आमच्या घरी आला, तोंड काही आम्ही पाहिलं नाही.

फोन आमच्याकडं नव्हता. शेजारच्या क्वार्टरमधल्या वहिनींचा नंबर पीपी म्हणून दिला होता.

रोज सकाळी नाष्ट्याच्या आधी हे टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचे. "नमस्कार. खुर्चीवर ताठ बसा. खांदे सैल सोडा. श्वास आत... दोन... तीन... सोडा. शाब्बास." बाई मोठी, भारदस्त असावी असं मला त्या आवाजावरनं वाटायचं. तिची ती शाब्बासकी ठरलेल्या जागी यायची. ह्यांनी केलं तरी शाब्बास, नाही केलं तरी शाब्बास. एकदा कॅसेट चालू असताना हे मोरीत गेले आणि मी स्वयंपाकघरातनं बघत होते. रिकामी खुर्ची आणि समोर ती बाई बोलतेय, "आता उजवा हात छातीवर ठेवा. आवाज ऐका. ऐकू येतोय ना?" खोलीत कुणी नाही. मी लांबनंच ओरडले, "अवो, ती बाई बंद करा आधी!"

दुपारी लाईट जायची. उन्हाळ्यात तर रोजचंच होतं ते. पंखा गरगरत थांबला की क्वार्टरच्या सगळ्या रांगेत सामसूम व्हायची, बाहेर कुत्रंसुद्धा हलायचं नाही, मळीचा वास तेवढा खिडकीतनं यायचा. आणि मग तो आवाज मोठा व्हायचा. हे लोखंडी कॉटवर पडलेले असायचे, तर कॉट वाजतेय असं वाटायचं. मांडीवर ताट घेतलं की ताटातनं यायचा. मोरीत आंघोळीला गेले की मोरीच्या चार भिंतींतनं. मी भाकरी थापत असायची आणि पाठीमागं कुणी तरी उभं राहून जिभेनं टक टक करतंय असं व्हायचं, वळून बघावं तर हे आतल्या खोलीत झोपलेले. झोपलेल्या माणसाचं तोंड उघडं असतं ना!

मी त्याला 'तो' म्हणायला लागले. मनातल्या मनात. ह्यांना राग आला की तो भराभरा वाजायचा, हे गप झाले की तो सावकाश व्हायचा. जन्मभर ओळखीच्या माणसाच्या आत एक अनोळखी माणूस आणून बसवलाय आणि तो माझ्याकडं बघतोय, असं मला वाटायचं. माझं मलाच हसू यायचं, पण हसून भीती जात नाही. मी ह्यांच्यापासनं लांब राहायला लागले. जेवण वाढायचं आणि आपलं ताट घेऊन आत चुलीपाशी बसायचं. अंथरूण पडवीत टाकायचं. कारण काय सांगायची? "तुमच्या टाक्यांना धक्का लागंल." टाके वाळून महिना झाला होता.

एकदा हे म्हणाले, "हितं बस की जरा."

मी म्हणाले, "तव्यावर भाकरी हाय, करपंल."

तव्यावर काही नव्हतं. त्यांना स्वयंपाकघर समोर दिसत होतं. ते वही उघडून नाडी लिहीत बसले.

गुरुवारी तीनच्या आधीच आम्ही वहिनींकडं जाऊन बसायचो. फोनवर विणकामाचा रुमाल घातलेला असायचा. फोन वाजला की हे उचलायचे. आधी वहीतले आकडे सांगायचे. मग मॅडम सांगायच्या आणि हे शर्टाची वरची तीन बटणं काढून रिसिव्हर छातीवर धरायचे. वहिनी लाजून आत पाणी प्यायला जायच्या. मी बसलेली असायची समोर. मिनिटभर कुणी बोलायचं नाही. पुण्याला बसलेली एक बाई माझ्या नवऱ्याचं काळीज ऐकतेय आणि मी त्याच्या बायकोनं चार हातांवर मांडी घालून बसायचं! मला त्या बाईचा रागही यायचा आणि तिच्या हिमतीचं नवलही वाटायचं. माझी तर इतक्या दिवसांत त्या छातीला कान लावायची हिंमत झाली नव्हती. मग हे रिसिव्हर कानाला लावून नुसतं "व्हय मॅडम... व्हय... कळलं" म्हणायचे. ती काय सांगते ते मी कधी विचारलं नाही.

आता माझी चूक सांगते.

माझं माहेर कऱ्हाटीचं. आजोबांपर्यंत आमच्यात मेंढरं होती. वडलांनी ती विकून म्हशी घेतल्या आणि डेअरीला दूध घालायला लागले. दूध चोख आहे का पाणी पडलंय हे बघायला वडलांना यंत्र लागायचं नाही. अंगठ्याच्या नखावर एक थेंब घ्यायचा. चोख दूध नखावर गोल बसून राहतं, हललं तरी मागं पांढरी रेघ ठेवतं. पातळ असलं की लगेच ओघळतं. पाच वर्षांची असल्यापासनं मी हे करत आले. आमच्या घरात पातळ या शब्दाचा एकच अर्थ होता. पातळ म्हणजे बिघडलेलं.

आणि डॉक्टरांनी ह्यांना गोळी दिली होती ती रक्त पातळ ठेवायची! रोज दिवेलागणीला एक, आणि ती जन्मभर. शिवाय दर पंधरवड्याला बारामतीला जाऊन रक्त तपासून घ्यायचं. मला ते पहिल्या दिवसापासनं पटलं नव्हतं. पण डॉक्टरपुढं कोण बोलणार?

पाडव्याच्या दिवशी ह्यांनी दाढी करताना गालाला जरासं कापून घेतलं. एवढंसं. तुरटी लावली, थांबंना. कापूस दाबला, थांबंना. गुढी उभारून झाली, नैवेद्य झाला, तरी कापूस लालच. मी कापूस बदलायला गेले आणि हात आपोआप पुढं झाला. मी अंगठ्याच्या नखावर एक थेंब घेतला. बसलाच नाही हो! धरला न धरला तोच नखावरनं ओघळून मनगटापर्यंत आला.

मी त्या नखाकडं बघतच राहिले. अगं आई गं, ह्या माणसाच्या अंगात पाणी झालंय, असं मला वाटलं. वर तो टिक टिक करणारा. मला वाटलं, रक्तच नाही राहिलं, म्हणून तो एवढा वाजतोय. भांडं रिकामं झालं की वाजतंच ना.

त्या दिवसापासनं मी गोळी अर्धी करायला लागले. सुरीनं मधोमध तोडायची. अर्धी पाण्याबरोबर ह्यांच्या हातावर द्यायची, अर्धी कुंकवाच्या जुन्या डबीत टाकायची. टाकून का दिली नाही, ते मला सांगता येत नाही. औषध टाकून द्यायला जीव होईना. जेवणात रोज पालेभाजी करायला लागले. मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला. आईनं बाळंतिणींना तेच खाऊ घातलेलं मी पाहिलं होतं, रक्त भरून येतं म्हणून. पालेभाजीनं त्या गोळीचा जोर कमी होतो, हे मला कोण सांगणार होतं? कागदावर लिहिलं होतं म्हणे. इंग्रजीत. बारामतीला तपासायला जायची तारीख आली तेव्हाही मीच म्हणाले, "एवढ्या उन्हाचं कशाला? बरं वाटतंय न्हवं?"

हे म्हणाले, "वाटतंय."

पंधरा-वीस दिवसांत फरक पडला. आधी आवाज बारीक झाला. टिक होती ती टुक झाली. लाईट गेल्यावर मी कान देऊन बसायची, तर आधी ताटातनं यायचा तो आता येईना. मग कधी यायचा, कधी नाही. नवी चप्पल करकरते, मग पायात मुरते आणि गप होते. तसा तो अंगात मुरला असंल, रक्तात बुडाला असंल, असं मी धरून चालले. मला इतका आनंद झाला होता! माझ्या हातानं नवरा बरा केला म्हणून मी मनात फुशारत होते. डॉक्टरला जमलं नाही ते मी केलं!

मुलांना उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर वहिनी माहेरी गेल्या, क्वार्टरला कुलूप लागलं. तीन गुरुवार फोन झाला नाही. मॅडमनी केला असणार, बंद घरात वाजला असणार. खरं सांगते, मला बरंच वाटलं. ती बाई आमच्यातनं गेली, तो गेला, आम्ही दोघंच राहिलो.

ते तीन आठवडे मी विसरणार नाही. मी पुन्हा ह्यांच्या ताटाशेजारी ताट मांडलं. अंथरूण आत घेतलं. दुपारी त्यांच्या डोक्याला तेल लावत बसायची, गावाकडच्या गोष्टी सांगायची, हसायची. ते ऐकायचे. बोलायचे मात्र कमी. तोंड मिटूनच असायचे. मी म्हणायची, "दातखीळ बसली का तुमची?" तर नुसते हसायचे, ओठ न उघडता.

काही गोष्टी दिसत होत्या, पण मी बघितल्या नाहीत. पाय सुजले होते. उन्हानं सुजतात, मी म्हणाले. चालायला जायचे ते कालव्याच्या पुलापर्यंत, मग अलीकडच्या वडापर्यंत, मग रांगेच्या टोकापर्यंत. वहीत मात्र मिनिटं तेवढीच लिहायचे. एकदा सकाळचा व्यायाम राहिला म्हणून हे दुपारी बसले, लाईट नव्हती, टेप सेलवर लावला होता आणि सेल उतरले होते. मॅडमचा आवाज पुरुषासारखा घोगरा आणि लांबट झाला. "उजवा... हात... छातीवर... ठेवा... आवाज... ऐका..." ह्यांनी हात ठेवला. डोळे मिटले. बाई पुढच्या व्यायामाला गेली, तिथं शाब्बास म्हणाली, तरी ह्यांचा हात तिथंच होता. डोकं एका बाजूला कललेलं. कारखान्यात मशीनच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर लावून त्याची मूठ कानाला धरतात आणि आत काय बिघडलंय ते ऐकतात, तसे ते बसले होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाय," ते म्हणाले. तोंड उघडलं होतं, आणि आतनं काहीच आलं नाही. नुसता वारा आल्यासारखे शब्द आले.

कॅसेट तशीच रेंगाळत संपली आणि बटण खट्कन वर आलं. तेवढ्या आवाजानं मी दचकले.

वहिनी परत आल्या त्या गुरुवारी तीनची वाट न बघता दोनच्या ठोक्यालाच त्यांच्याकडं फोन वाजला. वहिनी धावत आल्या, "अहो चला लवकर, मॅडम केव्हाच्या थांबल्यात!" हे पंधरा पावलं चालून गेले आणि खुर्चीत बसले, तर त्यांना बोलवंना. मला वाटलं, घाईनं आले म्हणून. ह्यांनी वहीतले आकडे सांगितले. बटणं काढली. रिसिव्हर छातीवर धरला. आम्ही सगळे गप्प.

मिनिट झालं. रिसिव्हरमधनं बारीक आवाज आला. ह्यांनी तो कानाला लावला, पुन्हा छातीला लावला, जरा डावीकडं सरकवला. पुन्हा मिनिट. मग त्यांनी रिसिव्हर माझ्यापुढं धरला. "तुला मागत्यात."

मॅडमशी बोलायची माझी ती पहिलीच वेळ. कॅसेटमधलाच आवाज, पण शाब्बास म्हणणारा नव्हता तो. "ताई, मला इकडे काहीच ऐकू येत नाहीये. फोन खराब असेल. तुम्ही एक करा. तुमचा कान त्यांच्या छातीला लावा आणि काय ऐकू येतंय ते मला सांगा."

वहिनींसमोर! पण लाज नव्हती मला अडवत. ऑपरेशन झाल्यापासनं त्या व्रणावर मी बोट ठेवलं नव्हतं. मी वाकले, कान टेकवला. छाती गरम होती आणि ओली होती. आत खूप लांब काहीतरी धप, धप होत होतं, गादीवर बुक्की मारावी तसं. टिक नव्हतं. कुठंच नव्हतं.

मी आनंदानं उठले. मी काय बोलले ते शब्दन् शब्द आठवतंय. "मॅडम, बंद झालाय बघा! आवाज पार गेला. आता बरं झालं न्हवं?"

मला वाटलं लाईन कटली.

"मॅडम?"

"किती दिवस झाले बंद होऊन?"

"झालं की पंधरा दिवस."

"ताई, आत्ताच्या आत्ता गाडी करा आणि पुण्याला निघा. त्यांना चालवू नका. एक पाऊलसुद्धा नाही. तो आवाज बंद झाला म्हणजे वॉल अडकलाय. कळतंय का तुम्हाला? त्यांच्याकडे वेळ नाहीये."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे माझ्याकडं बघत होते, घाबरलेले नव्हते.

वहिनींनीच इकडं-तिकडं फोन फिरवून जीप मागवली. मी घरात जाऊन काय घेतलं असंल? कुंकवाची ती डबी. बाकी काही सुचलं नाही.

लासुर्णं गेलं, बारामती गेली, जीप मोरगावच्या रस्त्याला लागली. भर दुपारचं ऊन आणि रस्त्यावर माणूस नाही. मागच्या सीटवर ह्यांना आडवं टाकून मी खाली बसले होते, कान छातीला लावून. जीपचा एवढा आवाज, तरी आत काय चाललंय ते मला ऐकू येत होतं. धप, धप, मग एखादा चुकायचा, मग पुन्हा धप. मी त्याला हाका मारायला लागले. ज्याला मी इतके दिवस भीत होते त्याला! "बोल की रं. बोल की मेल्या, एकदा तरी बोल. मी तुला न्हाय काय म्हणणार. हवं तेवढं वाज." ड्रायव्हरनं आरशातनं बघितलं आणि गाडी आणखी पळवली. कऱ्हाटीचा फाटा कधी मागं पडला मला कळलं नाही. ह्यांचे ओठ निळे पडले होते.

दवाखान्याच्या दारात एक बारकी मुलगी स्ट्रेचर घेऊन उभी होती. चष्मा, पाठीवर वेणी, पंचवीस वर्षांची असंल नसंल. ती बोलली तेव्हा मला कळलं की ह्याच त्या मॅडम. एवढ्याशा पोरीचा तो आवाज रोज माझ्या घरात मोठ्या बाईसारखा बोलत होता. ह्यांना आत नेलं आणि मॅडम माझ्याकडं वळल्या. "गोळी रोज देत होता ना?"

मी डबी काढून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी झाकण उघडलं. अर्ध्या गोळ्या, काठापर्यंत.

मला वाटलं, आता ही बाई माझ्या थोबाडीत मारंल. मारायला पाहिजे होतं. ती बाकावर बसली, डबी मांडीवर धरून, आणि मग उठून पळतच डॉक्टरांकडं गेली. डॉक्टरांनी मला उभ्या उभ्या सांगितलं. वॉलवर गुठळी आहे, ती विरघळवायचं औषध सलाईनमधनं सोडतोय. गुठळी सुटून मेंदूकडं गेली तर अर्धांग होईल. विरघळली नाही तर पुन्हा छाती उघडायची, आणि तेवढी ताकद त्यांच्यात उरलेली नाही. कागदावर सही घेतली. सही करताना मला माझा अंगठा दिसला.

तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मला पाच मिनिटं आत सोडलं. मी कॉटपासनं चार हातांवर उभी राहिले, नेहमीसारखीच. सवय, दुसरं काय! हे डोळे मिटून पडलेले होते. नळ्या, सुया. यंत्रं आपापली वाजत होती, त्यात मी ऐकू बघत होते. त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि बोलायला तोंड उघडलं.

टिक.

बारीक होता, पण होता. मग पुन्हा, टिक. मी तोंडात पदर कोंबला.

"रडतीस कशाला?" ते म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. नखावरचा थेंब, सुरी, डबी, पालेभाजी, सगळं. धाडधाड सांगून टाकलं, कारण थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. त्यांनी ऐकून घेतलं. टिक, टिक चालू होतं, एकसारखं.

"मला ठाव हाय," ते म्हणाले.

"काय ठाव हाय?"

"गोळी अर्धी हुती ते. रोज हातावर घेत हुतो, दिसत न्हवतं व्हय मला?"

"आन् आवाज?"

"त्या मॅडमनी पयल्याच गुरुवारी सांगितलं हुतं. आवाज दबला की लगीच निघून या म्हणून."

मला काही कळंना. हा माणूस सगळं जाणत होता. रोज संध्याकाळी माझ्या हातनं ती अर्धी गोळी घेत होता, छातीवर हात ठेवून आत काय बंद पडतंय ते ऐकत होता, आणि वहीत खोटी मिनिटं लिहीत होता.

"मग बोलला का न्हाई?" मी ओरडलेच. "जीव जात हुता ना तुमचा! का न्हाई बोलला?"

त्यांनी सुईचा हात कडेला, माझ्या बाजूला सरकवला.

"तू जवळ बसायला लागली हुतीस," ते म्हणाले.

मला इतका राग आला, इतका राग आला, की मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. मुडदा, बावळट, येडा, सगळं. सिस्टर आत आली आणि मला गप करायला लागली. मी गप झाले नाही. कॉटचा कठडा खाली केला, नळ्या सावरल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले, अगदी अंगाला अंग लावून. सिस्टर म्हणाली, पेशंटच्या कॉटवर बसायचं नसतं, उठा. मी उठले नाही.